बीडलॉक बसवताना: आधी मध्य साधा, शिसं नंतर

मराठवाड्यात ‘बीड’ म्हटलं की आधी जिल्हा आठवतो. लेथवर काम करणाऱ्याला बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम आठवतं. टायरच्या दुकानात मात्र बीड म्हणजे टायरची आतली जाड कड. तिच्यात पोलादी तारांचं कडं असतं आणि तीच रिमवर बसून हवा अडवते. हा लेख त्या तिसऱ्या बीडचा आणि तिला जखडून ठेवणाऱ्या चाकांचा आहे. ओळखीतल्या दोघा-तिघांनी जिम्नी आणि थार घेतल्यापासून संध्याकाळी फोन येतात, “दादा, बीडलॉक टाकू का?” प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

साध्या चाकात कडेला जागेवर धरून ठेवते ती फक्त आतली हवा. २८-३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असताना तेवढं पुरतं. पण वाळूत किंवा दगडांवर उतरायचं तर आपण हवा कमी करतो. टायर चपटा होतो, जास्त जमीन धरतो, दगडाला अंगासरशी बसतो. साधारण १५ पीएसआयच्या खाली गेलात की कड सुटायची भीती सुरू होते. बहुतेक वेळा बाहेरची कड आधी सुटते, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं आणि जमीन टायरला गाडीच्या आतल्या बाजूला रेटते. बीडलॉकमध्ये ही बाहेरची कड रिमची खाच आणि वरून बसणारी रिंग यांच्यात घालून बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट मापाप्रमाणे २४, ३२ असे भरपूर असतात. हवा पार गेली तरी कड हलत नाही. आतल्या बाजूची कड मात्र बहुतेक बीडलॉकमध्ये साध्या चाकासारखीच हवेच्या जोरावर बसते. दोन्ही कडा जखडणारी चाकं असतात, पण ती मुख्यतः लष्करी गाड्यांची. अमेरिकी लष्कराच्या हमव्ही गाडीचं दोन तुकड्यांचं चाक त्यातलंच.

तुम्हाला याची गरज आहे का? खरं सांगायचं तर दहातल्या आठ जणांना नाही. गोदावरीच्या कोरड्या पात्रातली वाळू साध्या रिमवर १५-१६ पीएसआयने पार होते. बीडलॉकचा खरा उपयोग बालाघाटच्या उतारांवर होतो, तिथे बेसाल्टचे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले असतात आणि १० किंवा त्याहून कमी पीएसआयवर चाक तिरपं करून चढावं लागतं. असं महिन्यातून एकदाही करणार नसाल तर ते पैसे चांगल्या टायरमध्ये आणि हवेच्या पंपात घाला.

कायद्याचंही आताच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावलं. म्हणून माझी मूळ चाकं मी विकलेली नाहीत. रोजची गाडी मूळ चाकांवर चालते, बीडलॉकचा संच शेडमध्ये असतो. तुम्हीही तसंच करा. आणि दोन ठिकाणी गाडी घालूच नका: अभयारण्याच्या हद्दीत आणि पेरलेल्या रानात. गौताळा अभयारण्याचा डोंगर कितीही खुणावू दे.

घेताना काय बघायचं

बाजारात दिखाऊ बीडलॉक भरपूर आहेत. रिंगवर बोल्ट दिसतात, पण ते फक्त शोभेचे असतात, टायरची कड साध्या रिमसारखीच आत बसते. ओळखायची खूण सोपी आहे. रिंग सगळी निघते का, आणि निघाल्यावर खाली टायरची कड बसायला गोल पायरी दिसते का, ते बघा. नसेल तर ते साधं अ‍ॅलॉय व्हील आहे, तेवढेच पैसे द्या.

दुसरा प्रकार म्हणजे लोखंडी रिमवर रिंग वेल्ड करून घेतलेलं चाक. एमआयडीसीतला चांगला लेथवाला ते करू शकतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने रिम वाकते. अशी रिम घेताना ती हबवर लावून फिरवा आणि कडेजवळ एक तार किंवा खडू स्थिर धरा. फिरताना मधलं अंतर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर परत करा. वाकलेली रिम बॅलन्सिंगचं मशीन सरळ करून देत नाही. आणि टायर चढलेल्या चाकावर वेल्डिंग कधीही नाही, हवा काढलेली असली तरी नाही. आतला रबर तापून वायू सुटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

टायर आणण्याआधी नुसती रिम गाडीवर लावून बघायला विसरू नका. जिम्नी आणि जुनी जिप्सी दोन्हींना ५ बोल्ट, १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ. पण बोल्ट जुळले म्हणजे काम झालं असं नाही. ब्रेकचं कॅलिपर घासतं का? स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवल्यावर रॉडचं टोक लागतं का? हे टायर चढवल्यावर कळलं तर पुढचं सगळं काम उलटं करावं लागतं.

टायर मोठा झाला की स्पीडोमीटरही खोटं बोलतो. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे उंची साधारण ६९३ मिलिमीटर. तिथे ३१ इंची टायर घातला तर ती होते ७८७. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ६८ ने धावत असेल. ब्रेक मात्र मूळचेच आहेत.

माझं पहिलं चाक कसं बिघडलं

पहिल्यांदा मी चारही रिमा आणि टायर घेऊन एका टायरच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा कामाला तरबेज होता, पण त्याच्या लेखी बोल्ट म्हणजे ट्रकचा नट. त्याने इम्पॅक्ट गन, म्हणजे झटक्याने नट आवळायचं यंत्र, उचलली आणि एका बाजूने सुरुवात करून घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरवत नेलं. दहा मिनिटांत चाक तयार! मी खुश. तीन बोल्टांचे आटे गेले होते, ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बीडकडे निघालो. सोलापूर-धुळे रस्त्यावर सत्तरच्या पुढे गेल्यावर स्टेअरिंग असं थरथरायला लागलं की हातातलं घड्याळ खुळखुळलं. परत आलो, बॅलन्सिंग केलं, म्हणजे मशीनवर चाकाची हलकी बाजू शोधून तिथे शिशाची वजनं लावून घेतली. पुन्हा थरथर. दुसऱ्या दुकानात केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एका वयस्कर मिस्त्रींनी चाक मशीनवर फिरवलं, मशीनकडे न बघता टायरकडे बघितलं आणि म्हणाले, “मालक, हे चाक गोलच नाही. शिसं कुठं कुठं लावू?” टायर एका बाजूला चार मिलिमीटर सरकून आवळला गेला होता. पोराने पहिल्या बाजूचे बोल्ट पूर्ण आवळले तेव्हाच कड तिकडे ओढली गेली होती.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी लाल करतो, मग चाकावर टाकतो आणि सगळीकडून थोडी थोडी ठोकतो. एका बाजूने ठोकून बसवली तर चाक लंगडं होतं, हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बीडलॉकचं तंत्र यापेक्षा वेगळं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या चार मिलिमीटरची ती चूक टाळण्यासाठी आहेत.

चढवायला घ्या

लागणारं सामान: एक बसका ड्रम किंवा जाड गोणपाट, दोन टायरच्या टाम्या, साबणाचं दाट पाणी, तारेचा ब्रश, चांगला टॉर्क पाना (आवळण्याचा जोर ५ ते ६० न्यूटन-मीटरपर्यंत दाखवणारा, चाकाचे नट आवळायचा मोठा पाना इथे उपयोगाचा नाही), हवेचा पंप, गेज, आणि एक मदतनीस. ३१ इंची मड टायर एकटाच वीस-बावीस किलोचा असतो; ३५ इंची टायर बीडलॉक रिमसकट पन्नास किलोच्या आसपास जातो. सोयाबीनचा कट्टा उचलताना पाठ सांभाळता तशीच इथेही सांभाळा.

आधी नुसतं चाक, रिंग बोल्टांनी बसवून, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या आणि रिमची जड जागा खडूने खुणवा. दुकानदार कुरकुर करेल, पण या पाच मिनिटांनी पुढचं अर्धं शिसं वाचतं. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी जागा, आणि ती रिमच्या जड जागेला लागून आणायची. रिम तपासली नसेल तर पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ ठेवा. लाल ठिपका वेगळा असतो, तो टायरची सगळ्यात उंच किंवा कडक जागा दाखवतो. काही टायरांवर ठिपकाच नसतो. तेव्हा अंदाजाने बसवा, नंतर फिरवता येतं.

रिंग काढा. एकेक बोल्ट हाताने आत फिरवून बघा. जो अडखळतो त्याचे आटे साफ करा. हे काम रिकाम्या रिमवर अर्ध्या मिनिटाचं, टायर चढल्यावर अर्ध्या दिवसाचं. जिथे टायरची कड बसते ती पायरी ब्रशने घासून घ्या. नव्या रिमवरही रंगाचे थेंब असतात आणि तिथूनच हवा झिरपते.

रिम ड्रमवर ठेवा, बाहेरची बाजू वर. टायर कुठल्या बाजूने फिरायचा याचा बाण बघा. आतल्या कडेला साबणाचं पाणी भरपूर लावा, टायर तिरपा धरून एक बाजू रिमच्या खोबणीत उतरवा आणि उरलेली गुडघ्याने दाबून खाली ढकला. मोठ्या टायरचा रबर जाड असतो, पण तापलेला असला तर चटकन ऐकतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा टायर अर्धा तास उन्हात ठेवला तरी पुरे. एवढा एकच फायदा आहे त्या उन्हाचा.

आतली कड उतरली की बाहेरची कड वरच्या पायरीवर टेकते. ही कड कोरडी ठेवा. साबण लागला तर आवळताना ती घसरते. आता घाई करू नका. चारही बाजूंनी वाकून बघा: कड पायरीत सगळीकडे सारखी बसली आहे का? पट्टीने रिमच्या काठापासून टायरच्या कडेपर्यंतचं अंतर चार-सहा ठिकाणी मोजा. एका बाजूला जास्त असेल तर लाकडी हातोडीने हळूच टोकून सरकवा. मी इथे दहा मिनिटं घालवतो. बायको म्हणते, लग्नात माझा फेटा बांधायलाही एवढा वेळ लागला नव्हता.

मग रिंग ठेवा, भोकं जुळवा, सगळे बोल्ट हाताने तीन-चार आटे आत घाला. सगळे, एकही पान्याने नाही. नंतर समोरासमोर जोड्या घेत जा: वरचा, खालचा, डावा, उजवा, मग त्यांच्या मधले. पहिली फेरी ५ न्यूटन-मीटरला, दुसरी १० ला, तिसरी १५ ला. शेवटचा आकडा चाक बनवणाऱ्याने दिलेला घ्या. ८ मिलिमीटरच्या आसपासच्या बोल्टांना तो साधारण २० ते २७ न्यूटन-मीटर असतो. शेवटच्या आकड्यावर आल्यावर मात्र ओळीने गोल फिरा, दोनदा किंवा तीनदा. एक बोल्ट आवळला की रबर दबतं आणि शेजारचा सैल होतो, म्हणून पाना कुठेच न हलता ‘टक्’ करेपर्यंत फिरत राहायचं.

हा आकडा छोटा वाटतो आणि तिथेच सगळे फसतात. ८ मिलिमीटरचा बोल्ट २० न्यूटन-मीटरला आवळला की तो साधारण सव्वा टनाने दाबतो. असे २४ म्हणजे तीस टन. आणखी ताकद लावायची गरज नाही. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावलंत तर त्याच आकड्याला दाब आणखी वाढतो आणि बोल्ट तुटतो. म्हणून कंपनीने कोरडे सांगितले असतील तर कोरडेच ठेवा.

रिंग आणि रिममध्ये थोडी फट राहू शकते, टायरच्या कडेच्या जाडीप्रमाणे. फट राहिली तरी चालेल, ती सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला पोस्टकार्ड जातं आणि दुसऱ्या बाजूला नखही जात नाही, असं असेल तर सगळं ढिलं करून पुन्हा. फट मिटवायला म्हणून आवळत सुटू नका, रिंग वाकेल.

आता हवा, पण सगळे बोल्ट शेवटच्या आकड्याला आल्याशिवाय पंप लावायचा नाही. व्हॉल्व्हची पिन काढून लांब नळीने भरा, स्वतः चाकासमोर न उभं राहता बाजूला उभे राहा. आतली कड ‘ठक्’ करून बसते. ४० पीएसआयपर्यंतही बसली नाही तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा प्रयत्न करा. त्यापुढे जाऊ नका. बसल्यावर पिन घाला, ३० ला आणा, रिंगभोवती आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी ओता. बुडबुडे आले तर त्या भागातल्या बोल्टांचा आकडा तपासा. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा गेज लावा, थंड असताना. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडू नका.

बॅलन्सिंग

मध्य साधला असेल तर इथे फारसं काही उरत नाही. तरी दोन अडचणी येतात. पहिली, बाहेरच्या कडेवर रिंग असल्यामुळे ठोकून लावायची वजनं तिथे बसत नाहीत. म्हणून दुकानात आधीच सांगा की चिकटपट्टीची वजनं, दोन जागी: एक रिमच्या आतल्या काठाजवळ, दुसरी आऱ्यांच्या मागे. मशीनवर अ‍ॅलॉयसाठीचा पर्याय निवडायला लावा. दुसरी अडचण, लहान गाड्यांच्या मशीनला ३३ इंचांपुढचा टायर पेलत नाही किंवा झाकण बंद होत नाही. अशा वेळी मोठ्या गाड्यांचं मशीन असलेलं दुकान शोधा.

वजन चिकटवायची जागा थिनरने पुसून, कोरडी करून मगच चिकटवा, आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी मारा. पावसाळी चिखलात उघडी वजनं एका दिवसात गळतात. एका जागी २०० ग्रॅमपेक्षा जास्त मागत असेल तर शिसं लावू नका. हवा पूर्ण सोडा, बोल्ट ढिले करा, टायर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळा. कंटाळवाणं आहे, पण खरा उपाय हाच.

काही जण टायरच्या आत काचेचे बारीक मणी टाकतात. (इंग्रजीत त्यांनाही बीडच म्हणतात, म्हणजे हे चौथं बीड.) चाक वेगाने फिरताना ते हलक्या बाजूकडे सरकून समतोल साधतात. ३५ इंची टायरला साधारण पाव किलोच्या आसपास लागतात. मोठ्या टायरला ते बरे पडतात, पण टायर आतून पूर्ण कोरडा हवा, नाहीतर ढेकूळ होतं. व्हॉल्व्हला जाळीची पिनही हवी, नाहीतर हवा सोडताना मणी त्यात अडकतात. मणी घातलेलं चाक मशीनवर ठेवू नका, दर वेळी वेगळा आकडा येईल आणि दुकानदार तुम्हाला वेड्यात काढेल. ज्यांना दगडांवर वारंवार पंक्चर होतात त्यांनी वजनंच वापरावीत, असं माझं मत.

पहिले पन्नास किलोमीटर आणि काळी माती

गाडीवर लावून ४०-५० किलोमीटर चालवा, मग रिंगचा प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नवा रबर दबलेला असतो, काही बोल्ट नक्की हलतील. चाकाचे नटही त्याच वेळी बघा. पुढे प्रत्येक ट्रेलनंतर तपासायचं. बोल्टांच्या डोक्यांवर आणि रिंगवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली तर सैल झालेला लांबूनच कळतो. सुटे बोल्ट आठ-दहा गाडीत ठेवा, त्याच मापाचे आणि त्याच ग्रेडचे. हार्डवेअरच्या दुकानातले मऊ बोल्ट चालत नाहीत.

वाटेत पंक्चर झालं तर टायरवाल्याला गाडीजवळ आणा आणि समोर उभे राहा. हवा पूर्ण सोडल्याशिवाय, म्हणजे व्हॉल्व्हची पिन काढून ‘फुस्स’ थांबेपर्यंत, एकाही बोल्टला हात लावू देऊ नका. हवा असताना रिंग ढिली झाली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. ट्रकच्या लॉक रिंगांनी माणसं कशी जातात, हे आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या टायरवाल्याला माहीत आहे. त्याला सांगा की ही रिंग तशीच धोक्याची आहे.

आता काळ्या मातीकडे. पावसाळ्यात परत आल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं की दहातल्या नऊ वेळा दोष बॅलन्सिंगचा नसतो. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा चिकटून वाळलेला असतो. आमची माती ओली असताना डिंक आणि वाळल्यावर वीट. हिशोब बघा: ३१ इंची टायर, ताशी ८० किलोमीटर, रिमच्या आत २०० ग्रॅम चिखल. चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात तो गोळा जवळपास १२ किलोच्या जोराने चाकाला एका बाजूला ओढतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रिमच्या आतून धुवा, चाक फिरवून अर्धा-अर्धा भाग धुवा, लाकडी काडीने रिंगच्या बोल्टांमधली माती उकरा. मगच दुकानात जा.

धुऊनही थरथर राहिली, आणि ती ठरावीक वेगालाच सुरू होऊन स्टेअरिंग हातातून निसटेल इतकी हादरत असेल, तर चाक सोडून पुढचा अ‍ॅक्सल बघा. जिम्नी, जिप्सीसारख्या पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत स्टेअरिंगच्या रॉडची टोकं, किंगपिनच्या बेअरिंगा आणि बुश झिजले की मोठा टायर तो दोष दहापट करून दाखवतो. गाडी घोडीवर घ्या, चाक वर-खाली आणि डावं-उजवं धरून हलवा. खडखड आली तर बॅलन्सिंगचे पैसे खिशात ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा.